न दिसलेल्या ताऱ्यांचा माग : रेडिओ तरंग आणि अतिदीप्त नवताऱ्यांचे अवशेष

एक न पाहिलेला स्फोट

झाशीच्या ईशान्येस समथर नावाचे एक गाव आहे. एके काळी ते एका लहान संस्थानाची राजधानी होते आणि तेथील किल्ला अद्याप उभा आहे. जून महिन्यातील एखाद्या निरभ्र, अंधाऱ्या रात्री बाराच्या सुमारास तेथील माळावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले, तर क्षितिजापासून सुमारे ३५ अंश उंचीवर, वृश्चिकाची नांगी आणि धनू रास यांच्या सीमेवर, आकाशगंगेचा पट्टा रुंद झालेला दिसतो. आपल्या आकाशगंगेचे केंद्र त्याच दिशेस आहे. तेथून आपल्यापर्यंत येण्यास प्रकाशाला पंचवीस हजारांहून अधिक वर्षे लागतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, किंवा फार तर त्याच्या अखेरीस, याच दिशेने एका प्रचंड स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर येऊन पोहोचला. एक संपूर्ण तारा फुटला होता. त्या वेळी समथरच्या किल्ल्यावरील पहारेकऱ्याने किंवा शेतात राखण करणाऱ्या शेतकऱ्याने मान वर करून पाहिले असते, तरी त्याला नेहमीपेक्षा निराळे काहीच दिसले नसते. युरोपातील मोठमोठ्या दुर्बिणींनाही ते दिसले नाही. वाटेत धुळीचे इतके दाट थर होते की, निघालेल्या प्रकाशाच्या सुमारे एक लाख कोटी भागांपैकी जेमतेम एक भाग आपल्यापर्यंत पोहोचला.

असे असूनही हा स्फोट आज आपल्याला ठाऊक आहे. त्याचे स्थान, त्याचा आकार आणि तो कोणत्या गतीने पसरत आहे, हेही सांगता येते. ज्या प्रसंगाला एकही साक्षीदार नव्हता, त्याची हकीकत मनुष्याला कशी समजली, हे सांगणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे.

तारा फुटल्यावर मागे काय उरते

आकाशात एखाद्या जागी एकाएकी तेजस्वी तारा दिसू लागावा आणि काही महिन्यांत तो मावळावा, अशा घटना फार प्राचीन काळापासून नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील अतिशय प्रखर घटनांना अतिदीप्त नवतारा असे नाव आहे. हे नाव मात्र फसवे आहे, कारण जन्म दिसतो असे वाटले तरी प्रत्यक्षात तो ताऱ्याचा अंत असतो. सूर्याच्या आठपटींहून अधिक द्रव्य असलेल्या ताऱ्याचे इंधन संपले म्हणजे त्याचा गाभा स्वतःच्याच भाराने आत कोसळतो आणि बाहेरचे थर उधळले जातात. दुसऱ्या प्रकारात, श्वेत बटू नावाच्या लहान व अतिघन ताऱ्यात एकाएकी अणुकेंद्रीय ज्वलन भडकून तो सर्वस्वी उद्ध्वस्त होतो.

अशा स्फोटात उधळलेल्या द्रव्याला मिळणारी गतिज ऊर्जा सुमारे १०^४४ जूल असते. आपला सूर्य आजच्या तेजाने दहा अब्ज वर्षे तळपत राहिला, तर जेवढी ऊर्जा बाहेर टाकील, साधारण तेवढी ही ऊर्जा आहे. हे द्रव्य आरंभी सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने बाहेर धावते. ताऱ्यांमधील जागा आपल्याला रिकामी वाटली, तरी तेथे विरळ वायू असतो. धावणारे द्रव्य हा वायू आपल्यापुढे लोटत जाते आणि त्याच्या अग्रभागी आघाततरंग निर्माण होतो. स्फोटाचा उजेड एक-दोन वर्षांत विझतो, परंतु हे पसरणारे कवच हजारो वर्षे टिकते. त्यालाच अतिदीप्त नवताऱ्याचा अवशेष म्हणतात.

या अवशेषांचे महत्त्व केवळ ज्योतिर्विदांपुरते नाही. आपल्या रक्तातील लोह आणि हाडांतील कॅल्शियम ही मूलद्रव्ये ताऱ्यांच्या अंतरंगात व त्यांच्या स्फोटांत घडली आणि अशाच कवचांतून आंतरतारकीय वायूत मिसळली. त्या वायूपासून पुढे सूर्य, पृथ्वी आणि आपण झालो.

रेडिओ तरंग कोठून येतात

आकाशातून रेडिओ तरंग येतात, हे कार्ल जान्स्की या अमेरिकन अभियंत्याने १९३०-४० या दशकाच्या आरंभी प्रथम दाखविले. दूरध्वनीच्या संदेशांत येणाऱ्या खरखरीचे कारण तो शोधत होता. त्या खरखरीचा एक भाग आकाशगंगेच्या केंद्राकडून येतो, असे त्याला आढळले. दुसऱ्या महायुद्धानंतर रडारचा अनुभव असलेले शास्त्रज्ञ या विषयाकडे वळले. १९४८ साली केंब्रिज येथे मार्टिन राईल व ग्रॅहॅम स्मिथ यांना शर्मिष्ठा तारकासमूहात एक अत्यंत प्रखर रेडिओ उगम सापडला. डोळ्यांना त्या जागी विशेष असे काहीच दिसत नव्हते. पुढे मोठ्या दुर्बिणीने तेथे वेगाने पसरणाऱ्या वायूचे धागे आढळले आणि तो सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी दिसू शकला असता अशा स्फोटाचा अवशेष असल्याचे ठरले.

दुसरा उगम वृषभ राशीतील. ४ जुलै १०५४ रोजी चीनमधील निरीक्षकांना तेथे एक 'पाहुणा तारा' दिसला. तो तेवीस दिवस भर दिवसाही दिसत होता आणि रात्रीच्या आकाशात जवळजवळ दोन वर्षे राहिला. त्याच जागी आज खेकडा अभ्रिका आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन बोल्टन, गॉर्डन स्टॅन्ली व ब्रूस स्ली यांनी वृषभ राशीतील रेडिओ उगम म्हणजे हीच अभ्रिका होय, असे दाखविले. त्यांचे साधन साधे पण युक्तीचे होते. समुद्रकाठच्या उंच कड्यावर त्यांनी आकाशक उभारला होता. उगवत्या उगमाकडून थेट आलेले तरंग आणि समुद्राच्या पृष्ठावरून परावर्तित झालेले तरंग यांच्या व्यतिकरणावरून त्यांनी उगमाचे स्थान काढले.

हे तरंग निर्माण होण्याचे कारण १९५३ साली रशियन शास्त्रज्ञ श्क्लोव्हस्की यांनी स्पष्ट केले. अवशेषात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन असतात आणि तेथे चुंबकीय क्षेत्रही असते. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन सरळ जाऊ शकत नाही, तो मळसूत्राप्रमाणे फिरत जातो आणि फिरताना प्रारण बाहेर टाकतो. यास सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. तापलेल्या वस्तूचा उजेड तिच्या उष्णतेमुळे असतो, तसे येथे नाही. म्हणूनच यास अनौष्णिक प्रारण असेही म्हणतात. या प्रारणाची तरंगलांबी सेंटीमीटरांपासून मीटरांपर्यंत असल्यामुळे धुळीचे अतिसूक्ष्म कण त्यास अडवू शकत नाहीत. ज्या धुळीमागे प्रकाश हरवतो, तिच्यातून रेडिओ तरंग बिनदिक्कत पार होतात.

अवशेष ओळखावा कसा

आकाशात रेडिओ तरंग देणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत. नवजात उष्ण ताऱ्यांभोवतीचा आयनीभूत हायड्रोजन वायूही रेडिओ तरंग देतो आणि नकाशावर पुष्कळदा अवशेषासारखाच गोल दिसतो. तेव्हा केवळ आकारावर विसंबून चालत नाही. ज्योतिर्विद चार-पाच प्रकारची साक्ष घेतात.

पहिली साक्ष वर्णपटाची. एकाच वस्तूची तीव्रता दोन निरनिराळ्या कंप्रतांवर मोजावयाची. समजा, एका वस्तूची तीव्रता १३०० मेगाहर्ट्झवर एक एकक आहे. तीच ३२५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे एक चतुर्थांश कंप्रतेवर, मोजली. वस्तू कवचरूप अवशेष असेल, तर तिची तीव्रता साधारणतः कंप्रतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. चाराचे वर्गमूळ दोन, म्हणून दुसऱ्या मापनात तीव्रता सुमारे दोन एकके भरेल. उलट ती वस्तू उष्ण वायूचा विरळ ढग असेल, तर तीव्रता जेमतेम पंधरा टक्क्यांनी वाढेल. ढग दाट असेल, तर ती कमीच होईल. दोन आकड्यांच्या या तुलनेने कित्येक संशयितांचा निकाल लागतो.

दुसरी साक्ष ध्रुवणाची. सिंक्रोट्रॉन प्रारणाची कंपने बव्हंशी ठराविक दिशेने होतात, कारण चुंबकीय क्षेत्राला दिशा असते. उष्ण वायूच्या प्रारणात अशी शिस्त नसते. तिसरी साक्ष अवरक्त प्रारणाची. उष्ण ताऱ्यांभोवतीच्या ढगात तापलेली धूळ पुष्कळ असते आणि ती अवरक्त किरणांत झळकते. अवशेष रेडिओत प्रखर असूनही अवरक्तात तुलनेने मंद असतो. चौथी साक्ष विशिष्ट रेडिओ रेषांची. आयनीभूत हायड्रोजनाच्या ढगातून इलेक्ट्रॉन व प्रोटॉन पुन्हा जुळताना ठराविक कंप्रतांच्या रेषा निघतात. अवशेषात त्या सहसा आढळत नाहीत.

अंतर काढण्यासाठी हायड्रोजनाची २१ सेंटीमीटरची रेषा उपयोगी पडते. वाटेतील थंड हायड्रोजन अवशेषाच्या प्रारणातील ही रेषा शोषून घेतो. आकाशगंगा फिरत असल्यामुळे निरनिराळ्या अंतरांवरील वायूचा वेग निराळा असतो. कोणकोणत्या वेगाच्या वायूने शोषण केले हे पाहिले, म्हणजे अवशेष निदान किती दूर असला पाहिजे, हे ठरविता येते.

सर्वच अवशेष पोकळ कवचाप्रमाणे दिसत नाहीत. खेकडा अभ्रिका मध्यापर्यंत भरलेली आहे. तिच्या पोटात सेकंदाला सुमारे तीस वेळा फिरणारा एक न्यूट्रॉन तारा १९६८ साली सापडला. तोच तिला इलेक्ट्रॉनांचा पुरवठा करीत असतो. काही अवशेषांत बाहेर कवच आणि आत असा तारा, असे दोन्ही प्रकार एकत्र आढळतात.

भारतातील प्रयत्न

भारतात या शास्त्राचा पाया घालणारे गोविंद स्वरूप यांचा जन्म १९२९ साली उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे झाला. होमी भाभा यांच्या आमंत्रणावरून १९६३ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या, प्रत्येकी १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या मांडून त्यांच्या गटाने १९६५ साली कल्याण येथे सूर्याच्या अभ्यासासाठी रेडिओ दुर्बीण उभारली. त्यानंतर १९७० साली निलगिरीतील उटी येथे ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद दुर्बीण सिद्ध झाली. तिच्यासाठी निवडलेल्या डोंगराचा उतार त्या स्थळाच्या अक्षांशाएवढा आहे. त्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षास समांतर झाला आणि एकाच दिशेने फिरवून ताऱ्यांचा पाठलाग करणे साधले.

कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे ३४.५ मेगाहर्ट्झ इतक्या नीच कंप्रतेवर चालणारी, एक हजार आकाशकांची दुर्बीण होती. तिच्या साहाय्याने द्वारकानाथ, शेवगावकर व शास्त्री यांनी सारथी समूहातील एचबी ९ आणि मिथुन राशीतील आयसी ४४३ या दोन अवशेषांची निरीक्षणे १९८२ साली प्रसिद्ध केली. यांपैकी एचबी ९ विषयी एक कुतूहलजनक तर्क आहे. काश्मीरमधील बुर्झहोम येथे एका दगडावर शिकारीचे चित्र कोरलेले असून त्यात दोन तेजोगोल दाखविले आहेत. त्यांतील एक म्हणजे एचबी ९ ज्यापासून झाला तो स्फोट असावा, असे मयंक वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविले आहे. हा तर्क सिद्ध झालेला नाही. तरीही दगडावरील रेघा आणि रेडिओचा नकाशा एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचा प्रयत्न मनोरंजक खराच.

खोडदची महादुर्बीण

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरांवर, जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडद हे गाव आहे. तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. पुणे येथील राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्र ती चालविते आणि २००२ सालापासून ती जगातील सर्व ज्योतिर्विदांना खुली आहे. तबकड्यांचा पृष्ठभाग सलग पत्र्याचा नसून पोलादी तारांच्या जाळीचा आहे. तरंगलांबीच्या मानाने जाळीची भोके फारच लहान असल्यामुळे तरंग परावर्तित होतात, पण वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका आणि खर्च कमी झाला.

एवढ्या तबकड्या कशासाठी? दुर्बिणीची बारकावे पाहण्याची शक्ती तरंगलांबी आणि दुर्बिणीचा व्यास यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. ३२५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ९२ सेंटीमीटर. अशा तरंगांसाठी ४५ मीटरांच्या एका तबकडीची नजर सुमारे सव्वा अंश, म्हणजे दोन पूर्णचंद्रांहूनही रुंद, पडते. तिला त्याहून लहान वस्तू केवळ एक ठिपका वाटणार. परंतु दोन तबकड्या पंचवीस किलोमीटरांवर ठेवून त्यांचे संदेश जोडले, तर पंचवीस किलोमीटर व्यासाच्या दुर्बिणीएवढी तीक्ष्णता येते आणि दहा विकलांहूनही लहान बारकावे उमगतात. तीस तबकड्यांच्या मिळून ४३५ जोड्या होतात. पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाशाच्या दृष्टीने प्रत्येक जोडीची दिशा बदलत राहते आणि काही तासांत चित्र भरत जाते.

अवशेषांच्या अभ्यासाला केवळ तीक्ष्णता पुरत नाही. कित्येक अवशेष चंद्रबिंबाएवढे विस्तीर्ण व अंधुक असतात. फार दूरच्या जोड्यांना लहान बारकावे दिसतात, पण अशी पसरट आकृती त्यांच्या हातून निसटते. म्हणून खोडदला चौदा तबकड्या साधारण एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या जागेत जवळजवळ ठेवल्या असून उरलेल्या सोळा तीन बाहूंवर दूरवर पसरल्या आहेत. पहिल्या आकृतीचा विस्तार दाखवितात, दुसऱ्या तिचे तपशील.

हरवलेल्यांचा हिशेब

आता मूळ कोड्याकडे येऊ. आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकेत शंभर वर्षांत दोन-तीन तारे फुटावेत, असा इतर दीर्घिकांच्या निरीक्षणावरून अंदाज आहे. अवशेष रेडिओ तरंगांत काही दहा-हजार वर्षे दिसू शकतो. शतकाला दोन स्फोट आणि पन्नास हजार वर्षांचे आयुष्य धरले, तरी आज एक हजार अवशेष दिसावयास हवेत. केंब्रिजचे डेव्हिड ग्रीन यांनी १९८४ पासून वेळोवेळी प्रसिद्ध केलेल्या सूचीत मात्र ते सुमारे तीनशेच आहेत. याचा अर्थ, बहुसंख्य अवशेष एकतर फार अंधुक आहेत, किंवा इतके लहान व दूर आहेत की ते ठिपक्यांत हरवून गेले आहेत, किंवा आकाशगंगेच्या गजबजलेल्या पट्ट्यात दुसऱ्या उगमांमागे लपले आहेत.

आरंभी सांगितलेला स्फोट असाच लपलेला होता. त्याच्या अवशेषाचे नाव जी १.९+०.३. ही अक्षरे व आकडे आकाशगंगेच्या केंद्रापासून मोजलेले त्याचे स्थान दर्शवितात. १९८५ साली अमेरिकेतील रेडिओ दुर्बीणसमूहाने त्याचा नकाशा काढला होता. २००७-०८ मध्ये क्ष-किरण उपग्रहाने व त्याच रेडिओ दुर्बीणसमूहाने पुन्हा पाहिले, तेव्हा ते वर्तुळ सुमारे १५ टक्क्यांनी वाढलेले आढळले. बावीस-तेवीस वर्षांत एवढी वाढ, तर संपूर्ण आकार येण्यास किती काळ लागला असेल? सरळ त्रैराशिकाने सुमारे दीडशे वर्षे येतात. पसरण्याचा वेग पूर्वी अधिक असणार, म्हणून खरे वय त्याहून कमीच. आपल्या आकाशगंगेतील हा आजवर ज्ञात असलेला सर्वांत तरुण अवशेष ठरला.

असेच एक उदाहरण खोडदच्या निरीक्षणांतून पुढे आले. २०१३ साली सुभाशिष रॉय व सब्यसाची पाल यांनी वृश्चिकाच्या दिशेस जी ३५४.४+०.० येथे अवघ्या १.६ कलांचे एक अर्धवट कवच आढळल्याचे जाहीर केले. ते आयनीभूत वायूच्या एका मोठ्या ढगात दडलेले होते. ३३० मेगाहर्ट्झ व १४०० मेगाहर्ट्झ या दोन कंप्रतांच्या तुलनेने त्यांनी ढगाचे प्रारण आणि कवचाचे अनौष्णिक प्रारण वेगळे केले. ध्रुवणाचीही साक्ष मिळाली. हायड्रोजनाच्या शोषणावरून अंतर सोळा हजार प्रकाशवर्षांहून अधिक भरले. त्यावरून त्यांनी त्याचे वय शंभर ते पाचशे वर्षांच्या दरम्यान असावे, असा अंदाज मांडला. असा प्रत्येक दावा पुढील निरीक्षणांनी पारखला जातो. सूचीत काही नावे नव्याने चढतात, तशी काही जुनी वगळलीही जातात.

शांततेची गरज

या संशोधनाला एक अशी गोष्ट लागते, जी पैशाने विकत घेता येत नाही. ती म्हणजे रेडिओ शांतता. आकाशातून येणारे तरंग अतिशय क्षीण असतात. चंद्रावर एखादा भ्रमणध्वनी चालू ठेवला, तर मोजके अपवाद वगळता आकाशातील सर्व रेडिओ उगमांहून तो प्रखर भासेल. मग तबकडीपासून चार-पाच किलोमीटरांवरील यंत्राचा गोंगाट किती होत असेल, याची कल्पना करावी. खोडदच्या परिसरातील टेकड्या दूरच्या शहरांचा गोंगाट काहीसा अडवितात. तथापि कारखाने, भ्रमणध्वनीचे मनोरे आणि विजेच्या तारांतील ठिणग्या यांपासून संरक्षण मनुष्यालाच करावे लागते. पुणे-नाशिक लोहमार्गाची आखणी करतानाही हा प्रश्न उभा राहिला. रस्ता, रोजगार व लोहमार्ग हवेत असे म्हणणारा तेथील रहिवासी चुकीचे बोलत नाही. ज्योतिर्विदाची अडचणही खोटी नाही. दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही आणि गावालाही वाढण्यावाचून गत्यंतर नाही. यातून मार्ग काढताना दोन्ही बाजूंना एकमेकांचे काम समजलेले असावे, एवढे तरी झाले पाहिजे.

विद्यार्थ्यांना या विषयाचा आरंभ कोणत्याही यंत्राविना करता येईल. हिवाळ्यात वृषभ रास ओळखावी आणि बैलाच्या दक्षिणेकडील शिंगाचे टोक असलेला तारा शोधावा. समथरच्या अक्षांशावरून ही जागा मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येते. त्या ताऱ्याच्या अगदी जवळ खेकडा अभ्रिका आहे आणि लहान दुर्बिणीतून ती धुरकट ठिपक्यासारखी दिसते. १०५४ साली तेथे दिवसाही दिसणारा तारा होता. जूनच्या रात्री दक्षिणेस पाहाल, तेव्हा मात्र धुळीच्या त्या काळ्या पट्ट्यांमागे, कोणीच न पाहिलेले कित्येक स्फोट अजून ओळख पटण्याची वाट पाहत आहेत, हे ध्यानात ठेवावे.